कुत्र्याची खाज खाण्यामुळेच आहे का, हे नक्की कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारा साडेतीन वर्षांचा लॅब्राडॉर, वजन ३० किलो. बाराही महिने पंजे चाटतो, दर दोन-तीन महिन्यांनी कान पिकतात, दिवसातून चार-पाच वेळा शी होते. पिल्लू असल्यापासून चिकन-भात, दही, पोळी आणि अंडं हाच आहार. रक्ताच्या ॲलर्जी टेस्टमध्ये बटाटा, तांदूळ, मासे, सोयाबीन अशा चौदा गोष्टी ‘पॉझिटिव्ह’ आल्या. चिकन बंद करून महिनाभर मटण दिलं, बाकी आहार तसाच ठेवला, पण फरक पडला नाही. मग ही खाण्याची ॲलर्जी नाही असं समजायचं का? आणि आता त्याला द्यायचं तरी काय?

तसं समजू नका. चिकन बंद झालं, पण दही, पोळी आणि अंडं चालूच राहिलं. या तिन्हींपैकी एकाचा जरी त्रास असेल तरी खाज थांबणार नाही. शिवाय एक महिना ही मुदतही अपुरी आहे. त्यामुळे या प्रयोगातून ‘हो’ही निघत नाही आणि ‘नाही’ही निघत नाही.

आधी त्या रक्ताच्या अहवालाबद्दल, कारण तो पाहून तुम्ही बटाटा आणि मासेही बंद कराल अशी मला भीती वाटते. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, लाळेवरून किंवा केसांवरून कुत्र्याची खाद्य-ॲलर्जी ठरवता येत नाही. एकदम निरोगी कुत्र्यांच्या रक्तातही खाद्यपदार्थांविरुद्धचे प्रतिपिंड सापडतात. लाळ आणि केसांच्या घरपोच टेस्टची तर परदेशात सरळ परीक्षा घेतली गेली. खेळण्याचे कृत्रिम केस नमुना म्हणून पाठवले, तरी ॲलर्जींची यादी छापून आली. तुमच्या यादीतले चौदा पदार्थ सध्या विसरा. त्या यादीला धरून आहार आखायला गेलात तर वापरण्याजोगे चांगले पदार्थ उगाच हातचे जातील.

तुम्ही सांगितलेली लक्षणं मात्र खाद्य-ॲलर्जीकडे बोट दाखवणारी आहेत. खाज ऋतूनुसार बदलत नाही, कान आणि पंजे दोन्हींना त्रास आहे, आणि शी तीनपेक्षा जास्त वेळा होते. यातली शेवटची गोष्ट मालक बहुतेक वेळा सांगतच नाहीत, कारण त्यांना ती सवय वाटते. शेपटीखालचा भाग, बगला आणि जांघा नीट पाहा. तिथली त्वचा लाल, जाडसर किंवा काळपट झाली आहे का? तो ढुंगण जमिनीवर घासतो का? बोटांच्या मधले केस लाळेने तांबूस झाले आहेत का? काही कुत्र्यांत तर पुन्हा पुन्हा पिकणारा कान हे एकमेव लक्षण असतं. खाज पहिल्या वर्षातच किंवा सात वर्षांनंतर अचानक सुरू झाली असेल तर खाण्याचा संशय आणखी बळावतो. याउलट खाज दर पावसाळ्यात वाढून हिवाळ्यात ओसरत असेल, तर धुळीतले किडे, बुरशी, परागकण किंवा पिसवा यांच्याकडे आधी पाहावं लागतं. मात्र नुसतं बघून खाद्य-ॲलर्जी आणि हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी वेगळी सांगता येत नाही. दोन्ही अगदी सारख्या दिसतात, आणि काही कुत्र्यांना दोन्ही असतात.

आहार बदलण्याआधी दोन कामं उरकून घ्या. ती राहिली तर पुढचे दोन महिने वाया जातात.

पहिलं काम पिसवा, गोचीड आणि खरूज यांचं. अंगावर पिसू दिसली नाही म्हणजे ती नाही असं होत नाही, चाटून चाटून कुत्रा ती गिळून टाकतो. पाठीचा शेपटीकडचा भाग जास्त खाजत असेल तर आधी पिसवांवरच संशय घ्यावा. डॉक्टरांकडून त्वचा खरवडून तपासून घ्या आणि पिसवांविरुद्धचं औषध संपूर्ण प्रयोगभर वेळच्या वेळी चालू ठेवा. ते मानेवर सोडायच्या थेंबांच्या स्वरूपात घ्या. चघळायच्या बहुतेक गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते किंवा त्यात सोयाबीनची प्रथिनं असतात. थेंब टाकण्याच्या दोन दिवस आधी आणि नंतर अंघोळ घालू नका.

दुसरं काम त्वचेवरच्या आणि कानातल्या जंतुसंसर्गाचं. ॲलर्जीमुळे त्वचा कमकुवत झाली की त्यावर जीवाणू आणि मॅलासेझिया नावाची यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढते, आणि मग ती स्वतःच खाज आणते. कुबट, तेलकट वास ही तिची खूण. आहार अचूक असूनही खाज न थांबण्याचं हे एक मोठं कारण आहे. पंजाच्या आणि कानाच्या मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कुठलं औषध लागणार ते त्यातून कळतं. त्वचेसाठी क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू, यीस्ट असेल तर मायकोनॅझोलसह, आठवड्यातून दोनदा. फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहिला पाहिजे. घड्याळ लावा, कारण ओल्या कुत्र्याला धरून उभं असताना तीन मिनिटंही दहा वाटतात.

आता मुख्य प्रयोग. कुत्र्याने आयुष्यात कधीच न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, एवढंच आठ आठवडे द्यायचं. यामागचं कारण साधं आहे. जे प्रथिन शरीराला वारंवार भेटतं त्याच्याविरुद्धच ॲलर्जी तयार होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात खाद्य-ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. त्यात गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधत होते. हे आकडे परदेशी ताटांचे आहेत. आपल्याकडे घरोघरी चिकन, दूध-दही, पोळी आणि अंडं दिलं जातं, म्हणून इथे पहिला संशय या चौघांवर घ्यावा. तांदळाची ॲलर्जी क्वचित दिसते, पण तुमच्या कुत्र्याने तो रोज खाल्लाय, म्हणून प्रयोगात तोही नको.

नवं प्रथिन निवडताना नातेवाईक पदार्थही वगळावे लागतात. म्हैस, शेळी, मेंढी यांच्या मांसातली प्रथिनं एकमेकांशी आणि गाई-म्हशीच्या दुधातल्या काही प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. चिकन खाणाऱ्यासाठी बदक किंवा लावा पक्षी हा खरा बदल नव्हे. मटण तुम्ही महिनाभर देऊन झालं आहे, त्यामुळे तेही बाद. उरले मासे आणि डुकराचं मांस. कोकणात वाढलेल्या कुत्र्याला मासे नवीन नसतात. तिथे डुकराचं मांस किंवा मटण आणि दूध-दही पूर्वी कधी दिलं नसेल तर शेळीचं मटण पाहावं. तुमच्या लॅब्राडॉरने मासे खाल्लेले नाहीत, म्हणून मी मासेच निवडेन. त्यातही गोठवलेले बिनकाट्याचे बासाचे तुकडे, कोणताही मसाला किंवा पिठाचा लेप नसलेले. बांगडा, सुरमई, ट्यूना या जातींत मासा नीट बर्फात राहिला नाही तर हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि त्याने ॲलर्जीसारखीच लाली आणि खाज येऊ शकते. मग प्रयोगाचा अर्थच लावता येत नाही. रोहूचे बारीक काटे घशात अडकतात ते वेगळंच.

प्रमाण असं. ३० किलोच्या, फार धावपळ नसलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे १२५० कॅलरी लागतात. त्यासाठी ५०० ग्रॅम बासा, बर्फ वितळून पाणी निथळल्यानंतरचं वजन. सोबत रताळं आणि बटाटा मिळून ७०० ग्रॅम, सोलून उकडल्यानंतरचं वजन. बटाट्याचा हिरवा भाग आणि कोंब काढून टाका. आणि दोन मोठे चमचे रिफाइंड सूर्यफुलाचं तेल, जे पहिल्या दिवशी अर्ध्या चमच्याने सुरू करून आठवड्यात पूर्ण प्रमाणावर न्या. सोयाबीनचं तेल नको, तूप नको, मीठ, हळद, मसाला काहीही नको. कांदा आणि लसूण तर एरवीही कुत्र्याला विषारी आहेत. मासा झाकण ठेवून थोड्या पाण्यात दहा मिनिटं शिजवा आणि ते पाणीही जेवणात वापरा. दोन-तीन दिवसांचं एकदम करून वाटण्या फ्रीजमध्ये ठेवता येतात. वजनकाटा हवाच; वाटी-चमच्याच्या अंदाजाने दोन महिन्यांत लॅब्राडॉर एक तर हडकुळा होतो नाही तर गोल. दर रविवारी वजन करा आणि ते दोन आठवडे सलग एकाच दिशेने सरकलं तर प्रमाण दहा टक्क्यांनी बदला. वेगळ्या वजनाच्या कुत्र्यासाठी हे सरळ त्रैराशिकाने काढू नका, लहान कुत्र्याला दर किलोमागे जास्त कॅलरी लागतात. १० किलोच्या कुत्र्याची गरज साधारण ५५० कॅलरीची असते.

हा आहार समतोल नाही. त्यात कॅल्शियम, जस्त, तांबं, काही जीवनसत्त्वं कमी पडतात. निरोगी प्रौढ कुत्र्याला आठ आठवडे ते चालतं, वर्षभर नाही. बिनचवीचं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट या वजनाला रोज सुमारे ४ ग्रॅम घालता येतं, डॉक्टरांना विचारून. अंड्याच्या टरफलाची पूड वापरू नका. टरफलाच्या आतल्या पापुद्र्यात अंड्याची प्रथिनं असतात, आणि अंडं तर आपल्या संशयितांच्या यादीत आहे. वर्षाखालच्या पिल्लाला, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला आणि मूत्रपिंडाच्या किंवा स्वादुपिंडाच्या रुग्णाला असा घरचा प्रयोग करूच नये.

त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून, आणि ज्यांना रोज शिजवणं जमत नाही त्यांच्यासाठीही, हायड्रोलाइज्ड आहार आहे. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षणयंत्रणा बहुधा त्यांना ओळखत नाही. भारतात रॉयल कॅनिनचा हायपोॲलर्जेनिक आणि फार्मिनाचा व्हेट लाइफ अल्ट्राहायपो असे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचे प्रकार मिळतात. पहिल्यात मुख्यतः सोयाबीनचं प्रथिन आहे, दुसऱ्यात माशाचं. मूळ पदार्थाचीच तीव्र ॲलर्जी असेल तर काही कुत्रे त्याच्या तुकड्यांनाही प्रतिसाद देतात, म्हणून चिकनवर संशय असताना चिकनपासून बनवलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य घेऊ नये. किंमत जास्त आहे हे खरं. पण पोषण समतोल राहतं आणि चुका कमी होतात. घर शाकाहारी असेल आणि मांस-मासे आणणं शक्य नसेल, तर कडधान्यांचे अर्धवट प्रयोग करण्यापेक्षा मी हाच मार्ग सुचवेन.

दुकानातल्या ‘लॅम्ब अँड राइस’ किंवा ‘ग्रेन-फ्री’ पिशव्या मात्र या प्रयोगाला चालत नाहीत. अशा खाद्यांच्या डीएनए तपासण्यांत लेबलवर नसलेलं मांस पुन्हा पुन्हा सापडलं आहे, कारण एकाच यंत्रावर आधी चिकनचं खाद्य बनलेलं असतं. आणि धान्य काढून टाकल्याने ॲलर्जी जाते ही समजूतही चुकीची. जास्त त्रास मांस आणि दुधाचा असतो.

नव्या आहारावर पाच-सात दिवसांत हळूहळू या. पूर्ण नवा आहार सुरू झाला तो दिवस पहिला धरा. तिथून घरातल्या सगळ्यांची परीक्षा सुरू होते. आजी देवापुढच्या पेढ्याचा कण देते, मुलाच्या हातून चीजचा तुकडा पडतो, सोसायटीचा वॉचमन रोज सकाळी ग्लुकोज बिस्किट देतो आणि ते घरात कुणालाच माहीत नसतं. एका बिस्किटात गहूही आहे आणि दूधही. यातलं काहीही झालं तर खाज पुन्हा चढते आणि मालक म्हणतो, ‘आहाराने काही झालं नाही.’ म्हणून घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या मावशींना आणि वॉचमनला तोंडी नीट समजावून सांगा. जेवताना कुत्रा दुसऱ्या खोलीत. फिरायला नेताना त्याचं तोंड जमिनीवर कुठे जातंय त्यावर लक्ष. घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर त्यांची भांडी वर उचलून ठेवा. चामड्याची चघळायची हाडं, चवीची टूथपेस्ट, जिलेटिनच्या कॅप्सूल, यकृताच्या चवीचं टॉनिक, चवीची जंताची गोळी, सगळं बंद. गोळी द्यायचीच झाली तर उकडलेल्या रताळ्याच्या गोळ्यात. बक्षीस म्हणून रताळ्याच्या चकत्या मंद आचेवर तव्यावर सुकवून ठेवा, लॅब्राडॉरला त्या पुरतात.

पंजे रक्ताळेपर्यंत चावत असेल तर आठ आठवडे त्याला तसंच तळमळत ठेवायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डॉक्टर प्रेडनिसोलोन किंवा ऑक्लासिटिनिब देऊ शकतात. ऑक्लासिटिनिब वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत. निकाल मात्र औषध बंद झाल्यानंतर किमान दोन आठवडे फक्त आहारावर पाहायचा. तसं न केल्यास खाज औषधाने थांबली की आहाराने, ते कळत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, घरात असल्या म्हणून देऊ नका.

एका वहीत रोज रात्री तीन गोष्टी लिहा: खाज शून्य ते दहापैकी किती, शी किती वेळा आणि कशी, आणि आहाराबाहेर काही गेलं का. कानाचा आणि पंजांचा फोटो दर आठवड्याला त्याच उजेडात काढा. पोटाची लक्षणं बहुधा दोन-तीन आठवड्यांतच सुधारतात, त्वचेला वेळ लागतो. पाचव्या आठवड्यापर्यंत बऱ्याच कुत्र्यांत फरक दिसतो, आणि आठ आठवड्यांत खाद्य-ॲलर्जी असलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत. म्हणून चौथ्या आठवड्यात हात टेकू नका.

समजा खाज आठवरून दोनवर आली. इथे बहुतेक जण थांबतात, आणि इथेच निदान अर्धवट राहतं. सुधारणा शाम्पूमुळे झाली असेल, कानाच्या औषधामुळे किंवा ऋतू बदलल्यामुळेही. खात्री होते ती जुना आहार परत दिल्यावरच. पूर्वीचंच चिकन-भात, दही, पोळी, अंडं पूर्वीच्याच प्रमाणात सुरू करा आणि जास्तीत जास्त दोन आठवडे पाहा. काही कुत्रे काही तासांतच खाजवू लागतात, पुष्कळ जण आठवड्याभरात, आणि जवळजवळ सगळे चौदा दिवसांच्या आत. खाज परतली की लगेच माशाच्या आहारावर या. ती पुन्हा ओसरली तरच खाद्य-ॲलर्जी सिद्ध झाली. बरा झालेला कुत्रा मुद्दाम बिघडवायला मालकाचं मन धजत नाही हे मला पूर्ण समजतं, पण हे दोन आठवडे टाळले तर पुढची दहा वर्षं कदाचित विनाकारण पथ्य पाळावं लागेल.

अपवाद एकच. पूर्वी कधी खाल्ल्यावर लगेच तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, जोराच्या उलट्या किंवा कोसळणं असं झालं असेल, तर तो पदार्थ घरी परत देऊन पाहायचा नाही. असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सिद्ध झाल्यावर एकेक पदार्थ शोधायचा. माशाच्या मूळ आहारात रोज फक्त एक गोष्ट, दोन आठवडे: आधी उकडलेलं चिकन ५० ते १०० ग्रॅम. त्रास नाही झाला तर ते थांबवून दही अर्धी वाटी. मग तेल-तूप न लावलेली एक पोळी. मग एक उकडलेलं अंडं, शेवटी भात. एखाद्याने खाज उठली की तो पदार्थ लगेच बंद करायचा आणि त्वचा पूर्ण शांत झाल्यावरच पुढचा सुरू करायचा. दह्याने फक्त पोट बिघडलं, खाज आली नाही, तर ते दुधातली साखर न पचल्यामुळेही असू शकतं. तीन-चार महिन्यांचं काम आहे, पण शेवटी हाती पक्की यादी येते. बहुतेक कुत्र्यांना एक किंवा दोनच पदार्थ बाधतात, त्यामुळे बाकीचं बरंच परत देता येतं. यादी तयार झाली की तिला धरून समतोल तयार खाद्य निवडा, किंवा पशुपोषणतज्ज्ञांकडून घरच्या आहाराची पूरक द्रव्यांसह पाककृती बनवून घ्या.

आणि आठ आठवडे काटेकोर पाळूनही काहीच फरक पडला नाही तर? आधी कानातला आणि पंजातला संसर्ग पुन्हा तपासा. तो नसेल तर एकदा वेगळ्या प्रकारचा आहार, म्हणजे घरच्याऐवजी हायड्रोलाइज्ड, करून पाहण्यासारखा आहे. त्यानंतरही खाज तशीच राहिली तर अटोपिक डर्मटायटिस म्हणजे हवेतल्या गोष्टींच्या ॲलर्जीचं निदान उरतं, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. खाज निम्म्यावर येऊन तिथेच थांबली तर दोन्ही असण्याची शक्यता धरा: बाधणारा पदार्थ आहारातून कायमचा काढा, आणि उरलेल्या खाजेवर डॉक्टरांकडून अटोपीचे उपचार सुरू करा.